नाताळची पक्षिगणना

तुम्हांला कोणी पक्षी मोजून आणायला सांगितले तर तुम्ही कोठे जाल? कोणी रानात जाईल, कोणी गावाबाहेरच्या तळ्यावर जाईल. पण १८८६ च्या फेब्रुवारी महिन्यात न्यूयॉर्क शहरातला एक तरुण पक्षी मोजायला चक्क बाजारपेठेत गेला. त्याचे नाव फ्रँक चॅपमन. वय एकवीस, नोकरी बँकेत आणि वेड पक्ष्यांचे. दोन दिवस दुपारच्या वेळी त्याने रस्त्याने जाणाऱ्या स्त्रियांच्या टोप्या न्याहाळल्या. एकूण ७०० टोप्या पाहिल्या. त्यांपैकी ५४२ टोप्यांवर पिसे होती, काहींवर तर अख्खा पेंढा भरलेला पक्षीच बसवलेला होता. पक्ष्यांची ओळख पक्की असल्यामुळे त्या पिसांवरून त्याने सुमारे चाळीस जातींची नावे लिहून काढली. सुतार पक्षी, सुरय, घुबड, सगळे काही त्या यादीत होते. शहरात बसून केलेले हे पक्षिनिरीक्षण मोठे फलदायी, पण काळजात चर्र करणारे होते.

त्या काळी अमेरिकेत पक्ष्यांची अवस्था अशी होती. टोप्यांसाठी पक्षी मारले जात, खाण्यासाठी मारले जात आणि केवळ करमणुकीसाठीही मारले जात. नाताळच्या दिवशी तर एक खेळच असे. गावातले पुरुष दोन गट पाडीत, बंदुका घेऊन रानात शिरत आणि समोर येईल तो पक्षी, ससा, खार टिपून आणीत. संध्याकाळी दोन्ही गटांचे ढीग मोजायचे. ज्याचा ढीग मोठा तो गट जिंकला. मेलेल्या जनावरांचा उपयोग काय करायचा, हा प्रश्न कोणाच्या मनात फारसा येत नसे. ज्या प्रवासी कबुतरांचे थवे एके काळी आकाश झाकून टाकीत, ती कबुतरे १९०० सालापर्यंत रानातून जवळजवळ नाहीशी झाली होती. त्या जातीचे शेवटचे कबूतर १९१४ मध्ये सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेले.

चॅपमनने बँक सोडली होती. न्यूयॉर्कच्या निसर्गेतिहास संग्रहालयात तो काम करू लागला होता आणि १८९९ पासून ‘बर्ड-लोअर’ नावाचे पक्षिप्रेमींसाठीचे द्वैमासिक चालवत होता. १९०० च्या डिसेंबरच्या अंकात त्याने वाचकांपुढे एक साधी कल्पना मांडली. नाताळच्या दिवशी सुट्टी आहे, घराबाहेर पडायची हौस आहे, चढाओढीची खुमखुमीही आहे. तर मग बंदूक घरी ठेवा, वही-पेन्सिल घ्या, दिसतील ते पक्षी मोजा आणि आकडे आमच्याकडे पाठवा. ‘मारू नका’ असा नुसता उपदेश त्याने केला नाही हे ध्यानात घ्या. खेळ तसाच ठेवला, फक्त ढिगाच्या जागी यादी आणली.

त्या २५ डिसेंबरला सत्तावीस माणसांनी त्याचे ऐकले. पंचवीस ठिकाणी मोजणी झाली. एक टोक कॅनडातल्या टोरांटोला, दुसरे कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर. सगळ्यांचे मिळून सुमारे नव्वद जातींचे साडेअठरा हजार पक्षी भरले. चॅपमन स्वतः न्यू जर्सीतील एंगलवूड गावी मोजत होता. हा उपक्रम त्यानंतर एकही वर्ष खंडित झालेला नाही. दोन महायुद्धे झाली, २०२० ची करोनाची साथ आली, तरी गणना झालीच. अलीकडच्या वर्षांत उत्तर व दक्षिण अमेरिका आणि आसपासची बेटे मिळून अडीच हजारांहून अधिक ठिकाणी ती होते आणि सत्तर हजारांवर माणसे तीत भाग घेतात. त्यांत शास्त्रज्ञ थोडे. बाकी शिक्षक, टपालवाले, डॉक्टर, शेतकरी, आजोबा-आजी आणि तुमच्याएवढी मुले.

आता प्रत्यक्ष मोजणी कशी होते ते पाहू, कारण खरी गंमत तेथेच आहे.

प्रत्येक ठिकाणी नकाशावर एक वर्तुळ आखलेले असते. त्याचा व्यास १५ मैल, म्हणजे सुमारे २४ किलोमीटर. क्षेत्रफळ किती ते तुम्हीच काढा. साधारण साडेचारशे चौरस किलोमीटर भरेल. हे वर्तुळ एकदा ठरले की ते दरवर्षी तेच. यंदा पक्षी कमी दिसले म्हणून ते शेजारच्या तळ्याकडे सरकवायचे नाही! मोजणीसाठी १४ डिसेंबर ते ५ जानेवारी यांतला कोणताही एक दिवस निवडायचा आणि त्या एका दिवसात चोवीस तासांच्या आत जे काही मोजायचे ते मोजायचे. वर्तुळाचे भाग पाडलेले असतात आणि प्रत्येक भागाला एक-एक पथक नेमलेले असते.

पहिली पथके पहाटे, खरे म्हणजे मध्यरात्रीनंतरच निघतात. ही घुबडे मोजणारी. कडाक्याच्या थंडीत, बर्फात पाय रोवून, रानाच्या कडेला उभे राहायचे, तोंडाने घुबडाचा घुत्कार काढायचा आणि उत्तर येते का ते कान देऊन ऐकायचे. ऐकू आलेला पक्षीही मोजला जातो, मात्र आवाज ओळखीचा पाहिजे. उजाडल्यावर बाकीची पथके निघतात. कोणी पायी, कोणी मोटारीतून, कोणी होडीतून, कोणी बर्फावरून घसरपट्टीच्या फळ्या लावून. ज्यांना बाहेर पडणे जमत नाही ते घराच्या खिडकीत बसून अंगणातल्या दाणापात्रावर येणारे पक्षी मोजतात. थंड मुलखात हिवाळ्यात पक्ष्यांसाठी सूर्यफुलाच्या बिया आणि चरबीचे गोळे टांगून ठेवण्याची पद्धत आहे. त्यामुळे एखादी ऐंशी वर्षांची आजीबाईसुद्धा शालीत गुरफटून, कॉफीचा पेला हातात घेऊन गणनेत सामील होऊ शकते.

संध्याकाळी सगळे एकत्र जमतात. गरम सूप, पाव, नाताळचा केक असतो. मग वर्तुळाचा प्रमुख जातींची यादी एकेक करून वाचतो आणि पथके आपापले आकडे सांगतात. नेहमीच्या पक्ष्यांची नावे भराभर उरकतात. एखाद्याने अनपेक्षित नाव घेतले की सगळ्यांचे चमचे थांबतात. “कोठे? किती वाजता? कोणी पाहिला? छायाचित्र आहे का?” असा भडिमार होतो. दुर्मीळ पक्ष्याची नोंद पुराव्याशिवाय घेत नाहीत, मग सांगणारा कितीही वडीलधारा असो. आणि एखादे नाव पुकारल्यावर कोणीच हात वर केला नाही, तर तेही लिहून ठेवतात. गणनेच्या आधीच्या व नंतरच्या तीन-तीन दिवसांत जर तो पक्षी त्या वर्तुळात दिसला, तर त्याची वेगळी खूण करून नोंद होते. एकूण आकड्यात मात्र तो धरीत नाहीत.

ठिकाणाठिकाणांतला फरक मोठा मजेदार आहे. अलास्काच्या उत्तर टोकाला प्रूडो बे नावाची जागा आहे. डिसेंबरअखेर तेथे सूर्य उगवतच नाही. तेथील यादीत बहुतेक वर्षी एकच जात असते, ती म्हणजे रेव्हन हा कावळ्याच्या कुळातला मोठा पक्षी. उलट विषुववृत्तावरच्या इक्वेडोर देशात एकाच वर्तुळात चारशेंहून अधिक जाती एका दिवसात नोंदल्या जातात. तरीही प्रूडो बेचे लोक मोजायला जातात. त्यांच्या त्या एका ओळीची किंमत चारशे ओळींच्या यादीपेक्षा कमी मानण्याचे कारण नाही.

तुम्ही विचाराल, यासाठी हिवाळाच का? चॅपमनने तर सणाचा दिवस म्हणून निवडला होता, पण शास्त्राच्या दृष्टीनेही ती निवड चांगली ठरली. वसंतात आणि शरदात पक्षी प्रवासात असतात. आज येथे दिसलेला थवा उद्या शंभर कोस दूर असतो, त्यामुळे तोच पक्षी दोन ठिकाणी मोजला जाण्याचा संभव फार. डिसेंबरच्या अखेरीस बहुतेक पक्षी आपापल्या हिवाळी मुक्कामी स्थिरावलेले असतात. शिवाय थंड प्रदेशातल्या पानझडी झाडांची पाने गळून गेलेली असल्यामुळे फांदीवरचा लहानसा पक्षीही स्पष्ट दिसतो. अन्न तुटपुंजे असल्याने पक्षी थव्याथव्यांनी, जेथे दाणा-पाणी असेल तेथे जमतात. एक अडचण मात्र आहे. हिवाळ्यात बहुतेक पक्षी गात नाहीत आणि अनेकांचा विणीच्या हंगामातला भरजरी पोशाखही उतरलेला असतो. म्हणून ओळखायला नजर चांगली तयार लागते.

पाच-सहा हजार बदकांचा थवा पाण्यावर बसला असेल तर तो मोजायचा कसा? एकेक करून मोजू लागलात तर निम्म्यावर येईपर्यंत ती उडून जातील. यासाठी निरीक्षक प्रथम दहा पक्षी मोजतो आणि दहा पक्षी केवढी जागा व्यापतात ते नजरेत साठवतो. मग तेवढे-तेवढे दहा तुकडे मनाने पाडून शंभर पक्ष्यांची जागा ठरवतो आणि शंभराच्या मापाने सगळा थवा मापून काढतो. शिंपी हाताच्या वितीने कापड मोजतो तसेच हे. यात चूक होतेच, आणि मोठा थवा असला की बहुतेकांचा अंदाज खऱ्यापेक्षा कमी पडतो. घरी तांदळाचे दाणे ताटात पसरून याचा सराव करता येतो. दाणे पसरा, दहा सेकंद पाहा, अंदाज लिहा आणि मग मोजा. पहिल्या खेपेला तुमचा अंदाज किती चुकतो ते पाहून तुम्हांलाच हसू येईल.

पण याहून मोठी अडचण वेगळीच आहे, आणि ती नीट समजली तर विज्ञानातली एक महत्त्वाची गोष्ट तुमच्या हाती लागेल. १९०० साली सत्तावीस माणसे होती, आज सत्तर हजारांवर आहेत. माणसे वाढली की दिसणारे पक्षीही वाढणारच. मग पक्षी खरोखर वाढले की केवळ पाहणारे डोळे वाढले, हे कसे कळायचे?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका वर्तुळात पूर्वी चार पथके प्रत्येकी सहा तास फिरली आणि त्यांना एका जातीच्या ४८ चिमण्या दिसल्या. वीस वर्षांनी त्याच वर्तुळात दहा पथके प्रत्येकी आठ तास फिरली आणि १२० चिमण्या दिसल्या. वरवर पाहता चिमण्या अडीचपट झाल्या. गावात पेढे वाटायला हरकत नाही. आता तासांचा हिशेब करा. पूर्वी ४ गुणिले ६, म्हणजे २४ पथक-तास झाले होते. ४८ ला २४ ने भागले तर दर पथक-तासाला दोन चिमण्या. नंतर १० गुणिले ८, म्हणजे ८० पथक-तास. १२० भागिले ८० केले तर दीडच चिमणी. म्हणजे चिमण्या वाढल्या नाहीत, पाव हिश्श्याने घटल्या!

येथे ‘माणूस-तास’ न घेता ‘पथक-तास’ का घेतले असावेत? कारण पाच जण एकत्र चालत असतील तर त्यांना बहुधा तेच पक्षी दिसतात. पाच जण म्हणून पाचपट पक्षी दिसत नाहीत. तेच पाच जण पाच वाटांनी गेले तर मात्र ती पाच पथके झाली. म्हणून प्रत्येक पथकाने किती तास घालवले, किती अंतर पायी आणि किती वाहनातून गेले, हे सगळे पक्ष्यांच्या आकड्यांबरोबर लिहून द्यावे लागते. घरातून दाणापात्रावर पाहणाऱ्यांचे तास वेगळे लिहितात. हौशी निरीक्षकांना ही कारकुनी नकोशी वाटते, हे मी समजू शकतो. परंतु ज्या यादीवर वेळ लिहिलेली नाही ती यादी दिनदर्शिकेच्या पाठीवर लिहिलेल्या दूधवाल्याच्या हिशेबासारखी. ज्याने लिहिली त्यालाच तिचा उपयोग.

आता एवढा खटाटोप करून हाती काय लागले?

पहिली गोष्ट आनंदाची. अमेरिकेच्या राष्ट्रचिन्हावर पांढऱ्या डोक्याचा एक गरुड आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर शेतांवर आणि दलदलींवर डीडीटी हे कीटकनाशक सढळ हाताने फवारले गेले. ते पावसाच्या पाण्याबरोबर नद्यांत गेले, तेथून माशांच्या चरबीत साठले आणि मासे खाणाऱ्या गरुडांच्या शरीरात आणखी दाट झाले. त्यामुळे गरुडांच्या अंड्यांची कवचे इतकी पातळ होऊ लागली की उबवायला बसलेल्या मादीच्या भाराने ती फुटत. १९६३ साली अलास्का वगळता अमेरिकेत गरुडांच्या जेमतेम ४१७ जोड्या उरल्या होत्या. १९७२ मध्ये डीडीटीवर बंदी आली. पुढे नाताळच्या गणनेत गरुडांचा आलेख वर्षामागून वर्षे चढत गेला. २००७ मध्ये हा पक्षी संकटग्रस्तांच्या यादीतून काढला गेला, तेव्हा जोड्यांची संख्या दहा हजारांच्या घरात पोचली होती.

दुसरी गोष्ट एका होल्याची, आणि ती आपल्या ओळखीचा आहे. फिकट राखी अंग, मानेच्या मागे काळी अर्धी कडी. माळरानावर, बाभळीवर, तारांवर जोडीने बसतो तो. हा मूळचा भारत आणि आसपासच्या आशियाई प्रदेशातला. विसाव्या शतकात तो आपण होऊन युरोपभर पसरत गेला. १९५५ मध्ये त्याने ब्रिटनमध्ये प्रथम घरटे केले. अटलांटिक महासागर ओलांडणे मात्र त्याला जमले नसते. ते काम माणसाने केले. १९७० नंतरच्या दशकात बहामा बेटांवर पाळलेले काही होले पिंजऱ्यातून सुटले. तेथून ते फ्लोरिडात पोचले. सुरुवातीला लोकांना ती कोणाच्या घरची पाळीव कबुतरेच वाटली. नाताळच्या याद्यांतून मात्र त्यांचा पुढचा सगळा प्रवास वर्षावर्षाने टिपला गेला आहे. आज ते कॅनडापर्यंत जाऊन पोचले आहेत. नवल असे की त्यांची कूच बहुतांशी वायव्य दिशेने झाली. ईशान्येकडच्या राज्यांत ते अजूनही विरळाच.

तिसरी हकीकत एका साथीच्या रोगाची. हाऊस फिंच हा तांबूस डोक्याचा, चिमणीएवढा पक्षी मूळचा पश्चिम अमेरिकेतला. १९४० मध्ये न्यूयॉर्कच्या काही दुकानदारांनी ते पिंजऱ्यांत घालून बेकायदा विकायला आणले होते. कायद्याचा बडगा येणार असे दिसताच त्यांनी पक्षी सोडून दिले. त्या मूठभर पक्ष्यांची संतती पन्नास वर्षांत पूर्व अमेरिकेत घरोघरच्या दाणापात्रांवर पोचली. १९९४ च्या सुमारास वॉशिंग्टन शहराच्या आसपास लोकांना सुजलेल्या, चिकटलेल्या डोळ्यांचे फिंच दिसू लागले. कोंबड्यांना होणाऱ्या रोगाचा एक सूक्ष्म जंतू या पक्ष्यांत शिरला होता. रोग तर पसरला, पण त्याने पक्षी किती घटले हे कोण सांगणार? नाताळच्या गणनेत रोगाच्या आधीचे आकडे होते आणि नंतरचेही होते. त्यांवरून असे आढळले की जेथे फिंच दाटीने राहत होते तेथे त्यांची संख्या सर्वांत जास्त घसरली. जेथे ते आधीच विरळ होते तेथे फारसा फरक पडला नाही. दाटी असली की संसर्गाला सोपे जाते हे आपण पुस्तकात वाचतो; येथे ते एका मोठ्या प्रदेशावर, खिडकीत बसलेल्या माणसांच्या वह्यांतून सिद्ध झाले. ज्यांनी त्या वह्या भरल्या त्यांना असा काही रोग येणार आहे याची कल्पनाही नव्हती.

चौथा निष्कर्ष जरा समजून घ्यावा लागेल. २००९ मध्ये अभ्यासकांनी चाळीस वर्षांच्या गणनांतून ३०५ जातींचे आकडे तपासले. प्रत्येक जातीचा हिवाळी मुक्काम सरासरीने किती अक्षांशावर आहे ते त्यांनी काढले. हे कसे काढतात? समजा, एका जातीचे ३० पक्षी ३० अंशांवर आणि १० पक्षी ३४ अंशांवर आहेत. सरासरी येते ३१ अंश. चाळीस वर्षांनी ३० अंशांवर १० आणि ३४ अंशांवर ३० पक्षी आढळले, तर सरासरी ३३ अंश झाली. म्हणजे त्या जातीचा मुक्काम दोन अंश उत्तरेला सरकला. अशा रीतीने पाहता ३०५ पैकी १७७ जाती, म्हणजे शंभरात ५८, उत्तरेकडे सरकलेल्या आढळल्या. हिवाळे उबदार होत चालले असल्याचा हा पुरावा मानला जातो. येथे एक शंका तुम्ही घ्यायला हवी: उत्तरेकडच्या गावांत दाणापात्रे वाढली म्हणून पक्षी तेथे थांबत नसतील कशावरून? शंका रास्त आहे, आणि काही जातींच्या बाबतीत तसे असूही शकेल. परंतु दाणापात्राकडे कधी न फिरकणारी बदके आणि समुद्रपक्षीही उत्तरेकडे सरकलेले दिसतात, तेव्हा सगळे श्रेय बियांच्या पिशव्यांना देता येत नाही.

आणि शेवटी एक मोठा, कटू आकडा. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या गणनेचे व इतर अनेक गणनांचे आकडे एकत्र केले गेले. १९७० पासून उत्तर अमेरिकेतले सुमारे २९० कोटी पक्षी कमी झाले, म्हणजे दर दहांतले जवळजवळ तीन गेले, असे त्यातून निघाले. घट केवळ दुर्मीळ पक्ष्यांत असती तर ती कदाचित चटकन लक्षात आली असती. पण सर्वांत जास्त घटले ते चिमणीवर्गातले, माळावरचे, रोजच्या पाहण्यातले पक्षी. शंभरांतला एक दरवर्षी कमी झाला तर खिडकीतून पाहणाऱ्याला काहीच जाणवत नाही. ते वहीलाच जाणवते. याच काळात बदके व हंस मात्र वाढले. त्यांच्यासाठी पाणथळ जागा राखण्यावर बराच पैसा आणि मेहनत खर्च झाली होती.

आपल्याकडे काय, असे तुम्ही म्हणाल. आपल्याकडे हिवाळा म्हणजे तर पाहुण्यांचा हंगाम. धोबी पक्षी ओढ्याकाठी शेपटी हलवीत फिरू लागतात, ज्वारीच्या शेतांवर भोरड्यांचे ढग उतरतात, जायकवाडी आणि उजनीच्या जलाशयांवर चक्रवाक, बदके आणि हिमालयापलीकडून आलेले पट्टकादंब दिसू लागतात. या वार्ता एकमेकांना कळवण्याची हौसही आपल्याकडे जुनीच आहे. १९६० च्या सुमारास झफर फुतेहअली यांनी मुंबईहून पक्षिनिरीक्षकांसाठी एक छोटेसे सायक्लोस्टाइल केलेले इंग्रजी मासिक सुरू केले. देशाच्या कानाकोपऱ्यांतून लोक त्याला पत्रे लिहीत: आमच्या तळ्यावर यंदा अमुक पक्षी आले, अमुक आले नाहीत. १९८७ पासून दर जानेवारीत पाणपक्ष्यांची आशियाई गणना होते आणि तीत महाराष्ट्रातील तळी, धरणे, खाड्याही असतात. तामिळनाडूतील पक्षिमित्रांनी तर २०१५ पासून पोंगलच्या चार दिवसांत राज्यभर पक्षी मोजण्याची प्रथा पाडली आहे. आपल्या संक्रांतीचेच ते दिवस. पतंग उडवता उडवता आकाशात आणखी काय काय उडते तेही पाहायचे!

२०२३ मध्ये भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा एक अहवाल निघाला. तीस हजार पक्षिनिरीक्षकांच्या तीन कोटी नोंदींवर तो आधारलेला आहे. ज्या ३३८ जातींचा दीर्घकालीन कल काढता आला त्यांपैकी शंभरात साठ जाती घटलेल्या आढळल्या. बाकीच्या शेकडो जातींचा असा कल काढता आला नाही, कारण जुन्या नोंदी पुरेशा नव्हत्या. अमेरिकेजवळ सव्वाशे वर्षांच्या वह्या आहेत. आपल्या गावच्या तळ्यावर तुमच्या आजोबांच्या लहानपणी किती चक्रवाक येत, हे बहुतेक ठिकाणी कोणी लिहूनच ठेवलेले नाही.

तुमच्या शाळेला हे काम सहज करता येईल. एक जागा निवडा: तळे, मैदान, स्मशानाकडची चिंचेची राई, काहीही चालेल. जानेवारीतला एक रविवार ठरवा. सकाळी सात वाजता चार-पाच जणांचे एकच पथक करून, पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार याद्या करा. वहीत जागा, तारीख, सुरुवातीची व शेवटची वेळ, धुके होते की ऊन, पथकात किती जण होते, हे प्रथम लिहा. मग पक्षी आणि त्यांची संख्या. ओळख पटली नाही तर नाव ठोकून देऊ नका. ‘न ओळखलेला, चिमणीएवढा, शेपूट सतत हलवणारा’ असे लिहा. कावळे आणि साळुंक्या कंटाळा न करता मोजा. आणि पानाच्या खाली मागच्या वर्षी दिसलेल्या, पण यंदा न दिसलेल्या प्रत्येक पक्ष्याच्या नावापुढे शून्य मांडा. रिकामी जागा सोडलीत तर दहा वर्षांनी ती वही उघडणाऱ्याला पक्षी नव्हता की तुम्ही पाहिलाच नव्हता, हे कळणार नाही.